हाल्ब आख्ट म्हणजे साडेसात!

तुम्ही विचारलंय की जर्मनीला जर्मन भाषेची बी२ पातळी (ए१, ए२, बी१, बी२ अशा त्या चढत जातात) करूनच यावं का, कारण ए२ पास होऊनही माणसांसमोर तोंड उघडायची लाज वाटते. लाज जाईल म्हणून थांबणार असाल तर थांबू नका. मी बी१ करून आले होते, तरी पहिले सहा महिने फोन वाजला की घशाला कोरड पडायची.

पहिल्या उन्हाळ्यात मीटिंगमध्ये कुणीतरी खिडकी उघडावी म्हणून मी म्हणाले, 'इश बिन हाइस'. डोक्यात इंग्रजी वाक्य होतं, त्याचंच जर्मन करून टाकलं. त्याचा जो अर्थ होतो तो इथे लिहिण्यासारखा नाही. दोघांनी माना खाली घातल्या, शेजारणीला हसू आवरेना. मग तिनेच हळूच सांगितलं, 'मिअर इस्ट हाइस' म्हणायचं. म्हणजे 'मला' गरम होतंय. अहो, हे तर सरळ मराठीच! चोवीसचंही तसंच, 'फिअर-उंट-त्स्वान्त्सिग', चार नि वीस. लिंगंही तीन. इंग्रजी मध्ये आणली नाही तर निम्म्या फजित्या टळतात.

सगळ्या नाही. घर बघायला 'हाल्ब आख्ट'ला बोलावलं होतं. हाल्ब म्हणजे अर्धा, आख्ट म्हणजे आठ, म्हणून साडेआठला गेले. ते असतं साडेसात! घर दुसऱ्याला गेलं. तेव्हापासून वेळ सांगितली की मी '१९.३०?' असं आकड्यांत परत विचारते, मठ्ठ दिसले तरी चालेल.

आयटीत असाल तर खरी गोची वेगळीच. तुम्ही अडखळलात की समोरचा चांगुलपणानं इंग्रजीवर येतो, आपल्यालाही हायसं वाटतं, आणि वर्षं निघून जातात. तेव्हा 'बिटे आउफ डॉइच', म्हणजे 'कृपया जर्मनमध्ये', म्हणायचं. सुरुवातीला फार ओशाळायला होतं.

राहायला आल्यापासून दोन आठवड्यांत पत्ता नोंदवावा लागतो. तिथे मित्राला पुढे करू नका, स्वतः बोला. सही करायच्या करारांना मात्र जाणतं माणूस न्याच, तिथे धाडस नको.

परीक्षा सोडू नका हं. ब्लू कार्डवर (उच्चशिक्षितांना नोकरीसाठी मिळणारा वास्तव्याचा परवाना) बी१ असेल तर २१ महिन्यांनी कायमच्या वास्तव्याचा अर्ज करता येतो, ए१वर २७. पण ती इथे येऊनही देता येते.

ती शेजारीण अजून माझ्याच टीममध्ये आहे. उन्हाळा आला की खिडकी उघडण्याआधी माझ्याकडे बघते.