ग्रेटा व्हॅन फ्लीट या अमेरिकन रॉक बँडच्या पहिल्या अल्बमबद्दल फॅन्सची मतं इतकी टोकाची का आहेत? नवीन माणसानं तो ऐकावा का, आणि सुरुवात कुठून करावी?

टोकाची आहेत कारण अर्ध्या लोकांनी तो अल्बम ऐकलेलाच नाही. लावला, गायक जॉश किझकाचा आवाज आला, "अरे हा तर रॉबर्ट प्लांट" म्हणाले आणि निकाल देऊन मोकळे. उरलेल्यांपैकी बऱ्याच जणांनी लेड झेपेलिन, म्हणजे प्लांट ज्याचा गायक तो जुना इंग्लिश रॉक बँड, कधी ऐकलंच नव्हतं, त्यांना वाटलं असं काही जगात पहिल्यांदाच होतंय. अल्बम शेवटपर्यंत नीट ऐकून मग बोलणारी माणसं आहेत, पण ती फार भांडत नाहीत म्हणून तुम्हाला दिसत नाहीत. मी ऐकलाही आणि भांडतोही, कारण माझ्या घरात मामा आहे.

माझे कान मामानंच तयार केलेत हे आधी कबूल. शाळेत असताना त्याच्या कॅसेटच्या कपाटासमोर बसून मी एकेक कव्हर वाचायचो, बेस म्हणजे काय, कुठे ऐकायचा, हे त्यानंच शिकवलं. पण त्याचं एक आहे, 1980 नंतर रॉकमध्ये काही झालं हे त्याला मान्य नाही. तर हा पहिला अल्बम, 'अँथम ऑफ द पीसफुल आर्मी', आला 19 ऑक्टोबर 2018 ला, शुक्रवारी, आणि शनिवारी संध्याकाळी मामाकडे त्याची नेहमीची मंडळी जमणार होती, त्याची सिस्टिम जबरदस्त आहे, म्हणून मी म्हटलं आज आपण हे लावायचं. मामा म्हणाला लाव तुझे झेरॉक्सवाले. म्हणजे एक सूर वाजायच्या आधी नाव ठेवून झालेलं.

रिमोट त्याच्या हातात होता तिथेच सगळं फिसकटलं. पहिलं गाणं 'एज ऑफ मॅन' जरा हळू उघडतं, सहा मिनिटांचं आहे, त्याला वेळ द्यावा लागतो. मामानं मिनिटभरात पॉज केलं. "थांब, हे कुठून उचललंय ते दाखवतो." मग झेपेलिनचा एक अल्बम निघाला, त्यातलं एक गाणं लागलं, आम्ही सगळे ऐकतोय, काही जुळेना. मग "हे नाही रे, दुसरं" करत दुसरा अल्बम. तेही जुळेना. शेवटी म्हणाला, "पण फील तोच आहे की नाही?" आता फीलवर काय बोलणार! 'व्हेन द कर्टन फॉल्स'ला पुन्हा तेच, रिफ, म्हणजे गिटारची परत परत येणारी धून, सुरू झाली की पॉज, मग शोधाशोध, मग फील. मंडळी वैतागली. त्यातले एक काका आहेत, तरुणपणी ड्रम्स वाजवायचे, फार कमी बोलतात, ते शेवटी म्हणाले की अरे चोरी असती तर एवढ्यात सापडली नसती का, पोरांना वाजवू तरी दे. मामा ऐकतोय कसला. 'यू आर द वन'ला मात्र त्याला सापडलं, अकूस्टिक गिटार, मागे ऑर्गन, आणि झेपेलिनच्या पहिल्या अल्बमवरचं 'युअर टाइम इज गॉना कम' त्यानं लगेच लावलं आणि खरंच दोन्ही सख्खी भावंडं वाटतात, मी नाही म्हणत नाही. पण त्यावरून मामा असा काही जिंकला की पुढचं कोणी ऐकलंच नाही. पाऊण तासाचा अल्बम, अख्खी संध्याकाळ गेली आणि आम्ही शेवटच्या गाण्यापर्यंत पोचलोच नाही. तेव्हापासून घरात लग्न असो, बारसं असो, मामा भेटला की पहिलं वाक्य, "काय म्हणतायत तुझे झेरॉक्सवाले?"

आता मला सांगा, हा आरोप नवा आहे का? मामाचा देव जो झेपेलिनचा पहिला अल्बम, जानेवारी 1969, त्याच्यावर 'रोलिंग स्टोन' मासिकानं काय लिहिलं होतं? की गिटारिस्ट जेफ बेकच्या ग्रुपनं तीनच महिन्यांपूर्वी जे केलं त्यापेक्षा यात वेगळं फारसं काही नाही, आणि त्यांनी ते तितकंच चांगलं किंवा जास्त चांगलं केलंय. आणि तसं म्हणायला जागाही होती, 'यू शुक मी' हे विली डिक्सनचं गाणं दोन्ही अल्बमवर आहे! 'डेझ्ड अँड कन्फ्यूज्ड' तर जेक होम्सचं, 1967 चं, अल्बमवर नाव झेपेलिनच्या गिटारिस्टचं, एकट्या जिमी पेजचं, होम्सचं नाव यायला चाळीस वर्षांच्या वर गेली आणि त्यासाठी त्याला कोर्टात जावं लागलं. हे मामाला सांगितलं की तो म्हणतो "त्यांनी त्याचं सोनं केलं." बरं. म्हणजे उचलणं चालतं, फक्त सोनं व्हायला पाहिजे. मग पोरांना सोनं करायला वेळ तरी द्याल? अल्बम आला तेव्हा जॉश आणि गिटारिस्ट जेक हे जुळे भाऊ 22 चे होते, धाकटा सॅम आणि ड्रमर डॅनी वॅगनर 19 चे. मिशिगनमधलं फ्रँकनमथ नावाचं पाचेक हजार वस्तीचं गाव, घरात आईवडिलांच्या रेकॉर्ड्स, तीन भाऊ आणि एक मित्र. असल्या पोरांनी काय पहिल्याच फटक्यात नवीन भाषा जन्माला घालायची?

खुद्द प्लांटला विचारलं होतं 2018 मध्ये. तो म्हणाला हे म्हणजे 'लेड झेपेलिन वन', आमचा पहिला अल्बमच आहेत, आणि गायकाबद्दल हसत हसत म्हणाला की मला त्याचा राग येतो, त्यानं आवाज ज्याच्याकडून घेतलाय त्याला मी चांगलं ओळखतो. ज्याची वस्तू गेली तो हसतोय आणि इकडे आमचा मामा फिर्यादी.

आणि किंगडम कम! 1988 मध्ये या नावाचा बँड आला, पहिलाच अल्बम, 'गेट इट ऑन' नावाचं गाणं, रेडिओवर लोकांना खरंच वाटलं झेपेलिन परत आलं. लोक त्यांना किंगडम क्लोन म्हणायचे. ती कॅसेट मामाच्या कपाटात होती, मी स्वतः बघितलीये, आणि ती इतकी वाजवलेली की कव्हरच्या घड्या फाटलेल्या. त्याबद्दल विचारलं की विषय बदलतो. माणूस विशीत असताना जे ऐकतो ते त्याला अस्सल वाटतं आणि भाचा विशीत जे ऐकतो ती नक्कल, याच्यापलीकडे या भांडणात फार काही नाही असं माझं स्पष्ट मत आहे. फॅन्सच्या बाबतीतही बहुतेक वेळा वय विचारलं की मत कळतं.

पिचफोर्क या संगीताच्या वेबसाइटनं या अल्बमला दहापैकी 1.6 दिले, तो रिव्ह्यू तुम्ही वाचला असेलच, सगळे त्याचीच लिंक तोंडावर मारतात. मी म्हणतो 1.6 हे मार्क अल्बमला नसतात, ते वाचकांना मजा यावी म्हणून असतात. त्याच आठवड्यात तो बिलबोर्डच्या मुख्य यादीत तिसऱ्या नंबरला शिरला. दोन्ही आकडे खरे आणि दोन्हींवरून गाणी कशी आहेत ते कळत नाही. आणि फॅन लोकांनीही एक नीट लक्षात ठेवा, ग्रॅमी या अल्बमला मिळालेलं नाही. फेब्रुवारी 2019 चं बेस्ट रॉक अल्बमचं ग्रॅमी 'फ्रॉम द फायर्स'ला आहे, ती 2017 ची ईपी, म्हणजे छोटा अल्बम. आपल्याच लोकांनी चुकीचं सांगितलं की समोरच्याला आयतं सापडतं, मामाला सापडलं होतं.

मग अल्बममध्ये खोट नाही का? आहे, भरपूर आहे, पण जिथे लोक दाखवतात तिथे नाही. जॉश पहिल्या गाण्यापासून गच्चीवर चढून गातो आणि खाली उतरतच नाही. प्लांट विशीतसुद्धा कुजबुजायचा, कण्हायचा, मग एकदम वर जायचा, म्हणून ते वर जाणं अंगावर यायचं. इथे सगळंच वर, तर मग वर कशाला म्हणायचं? दुसरं, ब्लूज, म्हणजे ज्यातून रॉक निघालं ते कृष्णवर्णीय अमेरिकनांचं संगीत, कमी आहे. झेपेलिनखाली ब्लूजचा चिखल होता, यांच्याखाली झेपेलिन आहे, त्यामुळे जमीन जरा जास्तच स्वच्छ लागते. तिसरं म्हणजे शब्द. सूर्य, डोंगर, वारा, शांतता, नवा दिवस, ठीक आहे, पण हे असं लिहिलंय की कोणीही कधीही कुठेही लिहिलं असतं, एकोणीस-बावीसच्या पोरांचं स्वतःचं काही दुखतंय असं एका ओळीत वाटत नाही. आणि अल्बम मध्यावर ढेपाळतो. 'द न्यू डे' मला आजही ऐकवत नाही, फॅन असूनही सांगतो.

उलट जे चांगलं आहे त्याबद्दल कोणी बोलत नाही. सॅम बेसही वाजवतो आणि कीबोर्डही, आणि 'यू आर द वन'मधला त्याचा ऑर्गन असा बसलाय की गाणं त्याच्यावरच उभं आहे. जेकची गिटार म्हणजे एसजी मॉडेल, फार इफेक्ट्स नाहीत, सरळ अँपमधून आल्यासारखा आवाज, त्याचं वाजवणं मला भावाच्या गाण्यापेक्षा जास्त परिपक्व वाटतं. 'द कोल्ड विंड' मोठ्या आवाजात लावा. 'ब्रेव्ह न्यू वर्ल्ड' तर फॅन्समध्येही कमी ऐकलं जातं, ते उशिरा येतं ना अल्बमवर, तिथपर्यंत रिमोटवाले पोचत नाहीत.

ड्रमर काकांचं त्या संध्याकाळचं मत सगळ्यात नेमकं होतं, ते जाताना चपला घालता घालता मला म्हणाले की पोरगा ताकदीनं वाजवतो पण झेपेलिनचा ड्रमर बॉनम ठोका किंचित मागे ठेवायचा, हा अजून अगदी वेळेवर येतो, वीस वर्षांचा झाला की येईल मागे. मी हसलो, बॉनमही वीसचाच होता झेपेलिनचा पहिला अल्बम केला तेव्हा. हे मी काकांना बोललो नाही, मामाला बोललो, आणि त्याच्यावर पुन्हा वेगळं भांडण झालं.

हां, आता एक गोष्ट मामाच्या बाजूनं सांगायला पाहिजे, नाहीतर तुम्ही म्हणाल हा एकतर्फी आहे. पहिला अल्बम विरुद्ध पहिला अल्बम ही तुलना मुळात लंगडी आहे. झेपेलिननं तो ऑक्टोबर 1968 मध्ये पेजच्या म्हणण्यानुसार स्टुडिओचे साधारण 36 तास वापरून उरकला, पण पेज आणि बेसवाला जॉन पॉल जोन्स दोघंही तोवर लंडनमध्ये वर्षानुवर्षं सेशनला, म्हणजे दुसऱ्यांच्या रेकॉर्डिंगला, वाजवून तयार झालेले, पेज यार्डबर्ड्स या बँडमधून आलेला. नावाला पहिला. त्यामुळे त्याच्यासमोर हा कच्चा वाटणारच, आणि कच्चा आहेच. मला तो कच्चेपणा आवडतो हा माझा प्रश्न.

सुरुवात कुठून करायची ते राहिलंच. 'फ्रॉम द फायर्स'पासून करा, 'हायवे ट्यून' आणि 'सफारी साँग' त्याच्यावरच आहेत, जे आहे ते तिथे उघडं आहे, आवडलं तर पुढे जा नाहीतर वेळ वाचला. मग हा पहिला अल्बम, पण क्रमानं आणि मधे न थांबवता. 2021 चा 'द बॅटल अ‍ॅट गार्डन्स गेट' मोठा आणि भपकेबाज आहे, त्याच्यावर नंतर या, तिथे झेपेलिनची सावली कमी होते पण गाणी लांबतात. 2023 च्या 'स्टारकॅचर'बद्दल इथे लिहीत नाही, वेगळा प्रश्न विचारा. आणि तुम्ही आधी झेपेलिन भरपूर ऐकलं असेल तर माझा सगळा सल्ला उलटा करा, थेट 'ब्रेव्ह न्यू वर्ल्ड' लावा.

मामा हे उत्तर वाचणार आहे, त्याला माझी सगळी उत्तरं दिसतात आणि खाली कॉमेंट करायची त्याला सवय आहे. त्यानं झेरॉक्स हा शब्द टाकला की कृपया कोणीतरी त्याला किंगडम कमची कॅसेट कुठे गेली ते विचारा, मला तो सांगत नाही.