स्क्रिप्टमध्ये फाइलच्या नावाचे तुकडे का पडतात?

(आज्ञा उच्चाराप्रमाणे देवनागरीत छापल्या आहेत, टाइप करताना त्या रोमन लिपीत, लहान अक्षरांत द्याव्यात.)

प्रश्न: स्कॅन केलेले सातबारे रोज रात्री दुसऱ्या डिस्कवर कॉपी करायला बॅश स्क्रिप्ट लिहिली आहे. एलएसच्या (फाइलींची नावं दाखवणाऱ्या आज्ञेच्या) यादीवर फॉर लूप फिरतो, म्हणजे प्रत्येक नावासाठी कॉपीची आज्ञा पुन्हा चालते. ‘सातबारा गट १२४.पीडीएफ’ अशा प्रत्येक फाइलसाठी ‘अशी फाइल नाही’ ही तक्रार तीनदा येते. नावांतल्या सगळ्या स्पेस काढून टाकाव्यात का?

उत्तर: नावं आहेत तशीच राहू द्या, स्क्रिप्ट सुधारा. लिनक्समध्ये नावात फक्त तिरकी रेघ (/) आणि शून्य बाइट (शून्य किमतीचा बाइट) चालत नाहीत. स्पेस पूर्ण वैध आहे. कोटाबाहेरच्या (दुहेरी अवतरण चिन्हांत नसलेल्या) व्हेरिएबलची किंवा आज्ञेच्या आउटपुटची किंमत शेल (आज्ञा चालवणारा प्रोग्रॅम, इथे बॅश) स्पेस, टॅब आणि नवी ओळ इथे तोडतं. त्यामुळे तुमच्या लूपला ‘सातबारा’, ‘गट’ आणि ‘१२४.पीडीएफ’ अशा तीन वेगळ्या फाइली दिसतात.

एलएसची यादी कोटात घातली तर सगळी यादी मिळून एकच नाव होतं, म्हणून तोही उपाय नाही. एलएस काढा आणि लूप थेट *.पीडीएफ वर चालवा. तारांकनातून आलेली नावं पुन्हा तुटत नाहीत. मात्र लूपच्या आत, सीपी या कॉपीच्या आज्ञेतही कोट हवेतच: सीपी -- "$फाइल" "$डिस्क/". दोन डॅश अशासाठी, की डॅशने सुरू होणारं नाव सीपीला पर्याय वाटू नये. फोल्डरमध्ये एकही पीडीएफ नसेल तर लूपला ‘*.पीडीएफ’ हाच मजकूर नाव म्हणून मिळतो. तो टाळायला लूपच्या आधी शॉप्ट -एस नलग्लॉब लिहा.

उपफोल्डरही घ्यायचे असतील तर फाइंडला (फाइली शोधणारी आज्ञा) -प्रिंट० आणि एक्सआर्ग्जला (मिळालेली नावं दुसऱ्या आज्ञेला देणारी आज्ञा) -० द्या. मग नावं शून्य बाइटने वेगळी होतात आणि तो बाइट नावात असूच शकत नाही. नुसतं एक्सआर्ग्ज नावातल्या एकेरी अवतरण चिन्हावरही अडतं.

कॉपी चुकली तर निदान तक्रार तरी येते. आरएमचा, म्हणजे फाइली पुसणाऱ्या आज्ञेचा, प्रकार फार वाईट. व्हेरिएबलमध्ये ‘जुनी बिले’ आहे, कोट विसरलात आणि शेजारी ‘बिले’ नावाचा फोल्डर असला, तर आरएम -आर तो ‘बिले’ फोल्डरच पुसतं. ‘जुनी बिले’ जागेवरच राहतात. म्हणून आरएमच्या जागी आधी मजकूर छापणारी आज्ञा प्रिंटएफ '[%एस]\एन' घालून पाहा: प्रत्येक नाव एकाच चौकटी कंसात दिसलं पाहिजे. एको ही छापण्याची साधी आज्ञा इथे वापरू नका, त्यात तुकड्यांच्या सीमा दिसत नाहीत. शेलचेक हे मोफत साधन सुटलेले कोट एससी२०८६ या सूचनेने दाखवतं. स्क्रिप्ट रात्रपाळीला लावण्याआधी त्यातून जरूर काढा.

प्रश्न: मराठी नावाला तारीख जोडली की ‘नाव फार लांब’ असं येतं. नाव तर साठ-सत्तर अक्षरांचंच दिसतं.

उत्तर: ईएक्सटी४ या लिनक्सच्या फाइल सिस्टिमवर नावाची मर्यादा २५५ बाइटची आहे, अक्षरांची नाही. यूटीएफ-८ या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं आणि काना, मात्रा, हलन्त वेगळे मोजले जातात. ‘क्षि’ म्हणजे क, हलन्त, ष आणि वेलांटी: १२ बाइट. लांबी डब्ल्यूसी या मोजणीच्या आज्ञेने, -सी देऊन मोजा. -एम चिन्हं मोजतं, बाइट नाही.