चौथ्या मावशीही सोडून गेल्या

"आईसाठी चोवीस तासांची बाई ठेवतो, पण आई कुणाला टिकूच देत नाही. आता काय करायचं?" समुपदेशनाला येणाऱ्या पन्नाशीच्या मुली-सुनांकडून हा प्रश्न मी सतत ऐकते. हल्ली मुलगेही विचारू लागले आहेत. उत्तरादाखल डोंबिवलीतल्या एका घराची हकिगत सांगते. कुटुंबाची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

काकूंचं वय 81. यजमान जाऊन बरीच वर्षं झालेली. मुलगी ठाण्याला राहते, नोकरीला रोज फोर्टला जाते, मुलगा कॅनडात. काकूंनी उमेदीची सगळी वर्षं घरून डबे दिले, त्यावरच दोन्ही मुलं शिकली. मागच्या वर्षी बाथरूममध्ये पाय घसरला, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, वॉकर आला. डॉक्टरांनी सांगितलं, आता एकटं ठेवू नका. ठाण्याला यायला काकू तयार नव्हत्या. मग घरी सांभाळायला बायका पुरवणाऱ्या ब्युरोला फोन झाला आणि चार महिन्यांत चार मावशी येऊन गेल्या. पहिलीला पेशंटला उठवणं-बसवणंच जमेना. दुसरी सासू आजारी आहे म्हणून गावाला गेली ती परतली नाही. तिसरीवर काकूंनी पाचशे रुपये चोरल्याचा आळ घेतला. आणि चौथीने एके दिवशी सकाळी सातला मुलीला फोन केला, "ताई, मी निघते. आजींना माझ्या हातचा चहासुद्धा चालत नाही."

मुलगी माझ्याकडे आली ती चिडून. बोलता बोलता मात्र डोळे भरून आले. "नोकरी सोडू का मी? नातेवाईक म्हणतात, आईला परक्याच्या हवाली केलं. भाऊ म्हणतो, कॅमेरा लाव."

मी तिला विचारलं, मावशी रात्री झोपतात कुठे?

तिला थोडा विचार करावा लागला. घर वन बीएचके. काकू बेडरूममध्ये पलंगावर, मावशी तिथेच खाली सतरंजीवर. काकू रात्री चार-पाच वेळा लघवीला उठतात, दर वेळी मावशींनी धरून न्यायचं. पहाटे साडेपाचला चहा. दुपारी मावशींचा डोळा लागला की काकूंचा ठाण्याला फोन, "ही बाई नुसती झोपते."

चोवीस तासांची बाई म्हणजे घरात राहणारी बाई. चोवीस तास जागी असणारी नव्हे. हे मी प्रत्येक कुटुंबाला अगदी स्पष्ट सांगते, कारण ठरवताना ते कुणी बोलत नाही. ब्युरोवाले बोलत नाहीत, आपण विचारत नाही, आणि गरजेपोटी आलेली बाई तोंड उघडत नाही. सलग काही रात्री झोप मोडली की कुठलाही माणूस चिडचिडा आणि निष्काळजी होतो, आणि म्हाताऱ्या माणसाला हात धरून नेताना तोच निष्काळजीपणा जिवावर बेततो. ज्यांना रात्रभर जागं राहून बघावंच लागतं, म्हणजे दर दोन तासांनी कूस बदलायची आहे, स्मृतिभ्रंशामुळे रात्री उठून दार उघडायचा प्रयत्न होतो, अशा घरात बारा-बारा तासांच्या दोन बायका लागतात. ते महाग पडतं. पण एकीकडून दोघींचं काम करून घेतलं की ती जाणारच.

काकूंच्या बाबतीत ती वेळ आलेली नव्हती. मुलीला गोळ्यांची पिशवी घेऊन यायला सांगितलं. रक्तदाबासाठी लघवी जास्त करवणारी गोळी होती आणि चौथ्या मावशी सगळ्या 'जेवणानंतरच्या' गोळ्या रात्री जेवण झाल्यावर एकदमच देत होत्या. मी डॉक्टर नाही, गोळ्यांच्या वेळा मी बदलत नाही आणि घरच्यांनीही परस्पर बदलू नयेत. पण फिजिशियनना विचारा एवढं मी नक्की सांगते. त्यांनी प्रिस्क्रिप्शन दाखवलं, गोळी सकाळची होती. लघवीची तपासणीही करून घेतली, कारण उतारवयात मूत्रमार्गाचा संसर्ग असला तर कधीकधी ताप न येताही माणूस एकाएकी गोंधळल्यासारखा वागतो. तसं काही निघालं नाही. गोळी सकाळी गेली, पलंगाला लागून कमोडची खुर्ची आली, आणि रात्रीचं उठणं एक-दोनवर आलं. मावशींची झोप उडवणारं कारण गोळ्यांच्या डब्याच्या चुकीच्या कप्प्यात होतं.

मग मी काकूंना भेटायला गेले. हे मी शक्यतो चुकवत नाही. मुलं दोन-दोन तास आईबद्दल बोलतात आणि आईला कुणी विचारलेलंच नसतं.

काकू पहिला अर्धा तास काही बोलल्या नाहीत. नंतर म्हणाल्या, "माझ्या स्वयंपाकघरात मला जायची बंदी आहे, माहितीये तुम्हाला?" झालं होतं असं, की पडण्याच्या धास्तीने मुलीने प्रत्येक मावशीला बजावलं होतं, आईला ओट्याजवळ येऊ देऊ नका. मावशी ते पाळत होत्या. मिसळणाचा डबा खालच्या खणातून वरच्या फळीवर गेला होता. ज्या बाईने पन्नास-पन्नास माणसांचे डबे भरले, तिला फोडणीत मोहरी तडतडायच्या आत हिंग पडलेला खोलीतूनच वासाने कळत होता, आणि उठून सांगायचीही सोय नव्हती. चहा चालत नाही, भाजी तोंडात घेववत नाही, पदर नीट घेत नाही, ही सगळी भांडणं तिथून निघत होती. चालणं गेलं, बाथरूमला एकटीने जाणं गेलं, आणि जे अजून डोक्यात शाबूत होतं तेही काढून घेतलं, असं त्यांना वाटत होतं. ते खरंच होतं.

ओट्यापासून हातभर अंतरावर हाताची, न घसरणारी खुर्ची ठेवली. मिसळणाचा डबा जागेवर आला. काकूंनी बसून भाजी निवडायची, मीठ-तिखट सांगायचं. गॅसला हात लावायचा नाही. हा सौदा काकूंनीच घासाघीस करून ठरवला. मुलगी कबूल व्हायला वेळ लागला. पडण्याची भीती खोटी नव्हती. पण आईला सुरक्षित ठेवायच्या नादात तिला नुसतं पलंगावर ठेवायचं, यात मला कधीच शहाणपण दिसलेलं नाही.

आता त्या पाचशे रुपयांचं. ते देवघरात, देवांच्या खालच्या वस्त्राच्या घडीत सापडले, महिन्याभराने. काकूंनीच ठेवले होते. म्हातारं माणूस वारंवार चोरीचा आळ घ्यायला लागलं तर त्याला खाष्टपणा म्हणून सोडून देऊ नका. वस्तू कुठे ठेवली ते आठवत नाही, आणि ती रिकामी जागा मन 'कुणीतरी नेली' असं म्हणून भरून काढतं. स्मृतिभ्रंशाच्या सुरुवातीला हे बरेचदा दिसतं. बी-12, थायरॉइड, रक्तातलं सोडियम बिघडलं तरी स्मरणशक्तीवर परिणाम होतो आणि त्यावर उपचार आहेत, म्हणून तपासणी आधी. काकूंना सौम्य विस्मरण निघालं. त्याच वेळी हेही सांगते, की प्रत्येक आळ विस्मरणाच्या माथी मारू नका. चोऱ्या होतात, दांडगाई होते, उपाशी ठेवणंही होतं. अंगावर वळ, अचानक घटलेलं वजन, मावशी खोलीत आली की गप्प होणं, हे दिसलं तर लगेच हालचाल करा. ज्येष्ठांसाठीची 14567 ही मोफत हेल्पलाइन यासाठी आहे. काकूंच्या घरी दागिने बँकेच्या लॉकरमध्ये गेले, घरखर्चाचे पैसे मोजून एका डब्यात, वहीत नोंद करून. याने मावशींचंही रक्षण होतं.

कॅमेऱ्याबद्दल मी मुलीला एवढंच विचारलं, "आई कपडे बदलत असताना ते चित्र कॅनडात दिसावं, असं आईला चालेल?" ती गप्प झाली. शेवटी हॉलमध्ये, दाराकडे तोंड करून एक बसवला, काकू आणि मावशी दोघींना दाखवून. बेडरूम-बाथरूममध्ये नाही.

पाचव्या मावशी निवडताना ब्युरोने दोघींना पाठवलं आणि त्यांच्याशी बोलल्या काकू. विचारलं काय, तर भाकरी येते का, सकाळी आकाशवाणी लावलेली चालेल का, मुलं किती. यवतमाळकडच्या एका बाईंना त्यांनी हो म्हटलं. पहिले तीन दिवस मुलगी रजा घेऊन घरी थांबली. आईला उठवताना बगलेत हात घालून ओढायचं नाही, वॉकर कसा पुढे ठेवायचा, हे तिने फिजिओथेरपिस्टकडून मावशींना शिकवून घेतलं.

एक पानभर मराठीत लिहून काढलं आणि मोठ्याने वाचलं, कारण मावशींना वाचायला फार जमत नव्हतं. रोज दुपारी दोन ते चार मावशींचे. त्या वेळात वरकामाच्या बाई जास्तीचे पैसे घेऊन थांबतील. झोपायला हॉलमधला दिवाण, काकूंच्या उशाशी बेल. कपाटात एक कप्पा, कुलपासकट. जेवण घरचं, तेच आणि तेवढंच. महिन्याला ठरलेल्या सुट्ट्या, त्या दिवशी मुलगी येणार. सोडायचं असेल तर दोन्ही बाजूंनी पंधरा दिवस आधी सांगायचं. आधार कार्डाची प्रत, गावाकडच्या माणसाचा फोन नंबर, पोलीस पडताळणी. पैशांचं मुद्दाम विचारायला लावलं. बऱ्याच ब्युरोंमध्ये कुटुंब पैसे ब्युरोला देतं आणि त्यातले बाईच्या हातात किती पडतात ते कुणाला ठाऊक नसतं. तो आकडा मागा. तो फारच कमी असेल तर बाई का टिकत नाही हे वेगळं विचारायला नको.

ब्युरोवाले सरसकट 'नर्स पाठवतो' म्हणतात, तिथेही सावध राहा. आंघोळ, खाणं, फिरवणं याला अनुभवी मावशी पुरतात. नाकातल्या नळीतून अन्न, लघवीची नळी, इंजेक्शन, जखमेचं ड्रेसिंग असेल तर एएनएम किंवा जीएनएम हा नर्सिंगचा अभ्यासक्रम झालेली, महाराष्ट्र नर्सिंग काउन्सिलकडे नोंद असलेली नर्स लागते. नोंदणी क्रमांक मागायला संकोच करू नका. आणि घरात आजोबा असतील, तर आणखी एक गोष्ट नातेवाईक बोलायचं टाळतात: मावशींनी वागणुकीबद्दल तक्रार केली तर ती ऐका. 2013 च्या लैंगिक छळविरोधी कायद्यात घरकाम करणारी बाई आणि तिचं कामाचं घर, दोन्ही येतात.

नोकरी सोडावी का, याचं उत्तर मी मुलीला दिलं नाही, पण हिशेब मांडायला लावला. तिची निवृत्ती, तिची पाठदुखी, ती आजारी पडली तर आईकडे कोण. हिशेब पुरा झाल्यावर तिने स्वतःच नोकरी न सोडायचं ठरवलं. नातेवाइकांना काय सांगू, म्हणाली. मी म्हटलं, महिन्यातला एक रविवार मागा त्यांच्याकडे. एक मावसबहीण खरंच यायला लागली, बाकीच्यांचे सल्ले थांबले.

पाचव्या मावशींना आता आठ महिने झाले. भांडणं होतात. काकू अजूनही अधूनमधून पाकीट हरवल्याचं म्हणतात. मावशी वाद न घालता "चला आजी, दोघी शोधू" म्हणतात, हे मुलीने त्यांना शिकवलं आणि ते लागू पडलं. दिवाळीत मावशींना पंधरा दिवस घरी जायचं होतं. ब्युरोची बदली बाई काकूंना नको होती. तेव्हा मुलीने भावाला फोन लावला. दर वर्षी तो डिसेंबरच्या सुट्टीत येतो, लग्नकार्यं गाठतो आणि जातो. या वेळी त्याने तिकीट दिवाळीचं काढलं, आणि मावशी निघायच्या दोन दिवस आधी येऊन आईला कमोडच्या खुर्चीवर कसं बसवायचं ते त्यांच्याकडून शिकून घेतलं.