टेक्सासच्या दुकानात उघड मिळणाऱ्या हेम्पच्या गमी दुसऱ्या राज्यात नेल्या तर चालतं का?

नाही. तुम्ही लिहिलंय की टेक्सासमधल्या प्लानोच्या दुकानातून रीतसर बिल घेऊन डेल्टा-8 च्या गमी (हेम्पपासून, म्हणजे गांजाच्याच झाडाच्या कमी नशेच्या जातीपासून, बनवलेल्या नशेच्या चघळायच्या गोळ्या) आणल्यात, तुम्ही एच-1बीवर (नोकरीच्या व्हिसावर) आहात आणि विचारलंय, 'केंद्राच्या कायद्यानेच हेम्प कायदेशीर आहे, मग राज्य काय करणार?' हे शेवटचं वाक्य माझा साडू गेली काही वर्षं प्रत्येक गणपतीत, प्रत्येक वाढदिवसाला मला ऐकवतो. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

2022 च्या उन्हाळ्यात आमची दोन कुटुंबं यलोस्टोनला निघाली. सॉल्ट लेक सिटीपर्यंत विमान, पुढे भाड्याची व्हॅन. हा रस्ता ज्यांनी केलाय त्यांना ठाऊक असेल, आय-15 ने उत्तरेला गेलं की युटा संपतं आणि वेस्ट यलोस्टोनपर्यंत बराचसा प्रवास आयडाहोतून होतो. सीमेच्या अलीकडे गॅस भरायला थांबलो, तेव्हा साडूने पाठदुखीसाठी म्हणून सॅकमधून गमीचं पाकीट काढलं. डॅलसहून विमानातून आणलेलं. मागच्या सीटवर सासूबाई, त्यांच्या शेजारी चार मुलं. मी म्हटलं, हे इथेच कचऱ्यात टाक, नाहीतर व्हॅन पुढे जाणार नाही.

त्याने फोनवर बिल दाखवलं, पाकिटावरचा प्रयोगशाळेचा रिपोर्ट दाखवला, 2018 चं फार्म बिल (केंद्राचा शेतीविषयक कायदा) सांगितलं. फार्म बिलाबद्दल तो चूक नव्हता. त्या कायद्याने वाळलेल्या वजनाच्या 0.3 टक्क्यापर्यंत डेल्टा-9 टीएचसी (गांजातलं नशा आणणारं मुख्य द्रव्य) असलेलं सगळं हेम्प ठरवलं, त्यातून काढलेल्या अर्कांसकट. त्याच्याच भाऊबंदाचं, डेल्टा-8 चं, नावच त्यात नाही. मग सीबीडीवर (हेम्पमधल्या नशा न आणणाऱ्या द्रव्यावर) आम्लाची प्रक्रिया करून डेल्टा-8 बनवायचा उद्योग उभा राहिला आणि 2022 मध्येच नवव्या सर्किटच्या अपील कोर्टाने तो माल या व्याख्येत बसतो असंही म्हटलं. पण त्याच कायद्याने राज्यांना अधिक कडक नियम करायची मुभा दिली आहे, आणि आयडाहोत विक्रीच्या मालात टीएचसी शून्यच असावं लागतं. 0.3 टक्के तिथे कुणी ऐकून घेत नाही. जानेवारी 2019 मध्ये, म्हणजे फार्म बिलावर सही होऊन जेमतेम महिना उलटल्यावर, ओरेगॉनहून कोलोराडोला निघालेला हेम्पचा ट्रक आयडाहोतल्या बॉइसीजवळ अडवला गेला. सुमारे तीन टन माल जप्त, चालकाला अटक. राज्यांनी हेम्पची वाहतूक अडवू नये असं कलम फार्म बिलात आहे, पण केंद्राचे नियम तोवर तयार नव्हते म्हणून ते त्या ट्रकच्या उपयोगी पडलं नाही. कंपनीकडे वकील होते, कागद होते. व्हॅनमधल्या माणसाकडे काय असतं? एक बिल.

पाकीट कचऱ्यात गेलं. माझी मेहुणी आयडाहोतल्या पोकाटेलोपर्यंत माझ्याशी बोलली नाही. आणि पोकाटेलोच्या पुढे वेगासाठी आम्हाला ट्रूपरने (राज्याच्या पोलिसाने) थांबवलं. दंडाची पावती दिली आणि सोडलं, गाडी तपासली नाही. एवढ्या भांडवलावर साडू आजही म्हणतो, 'बघ, काही झालं नसतं, उगाच माझे पैसे घालवलेस.'

काही झालं नाही, म्हणजे काही होणार नव्हतं, असं होत नाही. त्याचं ग्रीनकार्ड तेव्हा अडकलेलं होतं आणि तुमच्या प्रश्नातली खरी मेख हीच आहे. इमिग्रेशनचा कायदा केंद्राचा. अमली पदार्थाच्या गुन्ह्यात शिक्षा झाली की देशातून काढता येतं. सूट फक्त एकदाच, स्वतःसाठी बाळगलेल्या 30 ग्रॅमपर्यंतच्या मारिह्वानाला. त्याहून वाईट म्हणजे प्रवेश नाकारायला शिक्षा व्हावीच लागते असं नाही, अधिकाऱ्यासमोर दिलेली कबुली पुरते. नागरिक असलेल्या माणसाला जो किरकोळ खटला, तो आपल्याला घर विकून परत जायला लावू शकतो. 'अरे, आपल्याकडे महादेवाचा प्रसाद म्हणून घेतात' असं साडू म्हणतो. आपल्याकडेही 1985 च्या एनडीपीएस या अमली पदार्थांच्या कायद्याने गांजा-चरस पकडला आणि नुसती पानं सोडली, आणि त्या पानांच्या भांगेलाही महाराष्ट्रात 1949 च्या दारूबंदी कायद्याने परवाना लागतो.

टेक्सासमध्येही निर्धास्त राहू नका. आरोग्य खात्याने 2021 मध्ये डेल्टा-8 बंदी घातलेल्या पदार्थांच्या यादीत असल्याचं जाहीर केलं, ट्रॅव्हिस काउंटीच्या न्यायाधीशांनी स्थगिती दिली, म्हणून दुकानं चालू राहिली. 2025 मध्ये विधिमंडळाने सगळ्याच टीएचसीवर बंदीचं एसबी 3 हे विधेयक मंजूर केलं, गव्हर्नर ॲबट यांनी जूनमध्ये व्हेटो केला. सप्टेंबर 2025 पासून मात्र असल्या व्हेपची (ई-सिगारेटची) विक्री बंद आहे आणि 21 वर्षांखालच्यांना विकायचं नाही असा आदेश आहे.

दुकानदार सांगत नाहीत ती गोष्ट वजनाची. पाच ग्रॅमच्या गमीत 0.3 टक्के म्हणजे 15 मिलिग्रॅम डेल्टा-9. कोलोराडोच्या परवानाधारक दुकानात एक डोस 10 मिलिग्रॅमचा धरतात. पाकीट मर्यादेच्या जरा वर निघालं, तर टेक्सासमध्ये साखर-जिलेटिनसकट सगळं वजन मोजतात, आणि 4 ते 400 ग्रॅमला दोन ते वीस वर्षांची शिक्षा आहे. तेवढ्याच वजनाचा हिरवा पाला खिशात सापडला तर बहुधा किरकोळ गुन्हा! तुमचं पाकीट किती ग्रॅमचं आहे ते मागे वाचा.

राज्याराज्यांची यादी देत बसत नाही, कारण ती सतत बदलते. मिनेसोटाने जुलै 2022 पासून एका डोसला 5 मिलिग्रॅमपर्यंत परवानगी दिली, कॅलिफोर्नियाने सप्टेंबर 2024 मध्ये हेम्पच्या खाद्यपदार्थांत मोजता येईल एवढंही टीएचसी नको असं सांगितलं. आणि नोव्हेंबर 2025 मध्ये केंद्रानेच व्याख्या बदलली: 12 नोव्हेंबर 2026 पासून एका डब्यात एकूण टीएचसी 0.4 मिलिग्रॅमपर्यंतच, आणि कारखान्यात बनवलेलं डेल्टा-8 हेम्पच नाही. म्हणजे साडूचा मुख्य मुद्दाही त्या तारखेला संपतो. हे उत्तर मी त्यालाही पाठवणार आहे.

मी वकील नाही. शिक्षेचे आकडे हे कमाल-किमान आहेत, प्रत्येकाला तेवढी होते असं नाही, आणि रस्त्यावर गाडी न तपासताच सोडलेले लोक भरपूर असतील. टीएचसी अजिबात नसलेल्या सीबीडीच्या मलमाबद्दलही हे नाही, ते आमच्या सासूबाईच गुडघ्याला लावतात. नोकरीत ड्रग टेस्ट असेल तर एवढं लक्षात ठेवा की डेल्टा-8 ने लघवीची साधी चाचणी पॉझिटिव्ह येते आणि तिथे बिल दाखवून काही होत नाही. खरेदी झालीच आहे तर ट्रिपच्या आधी इमिग्रेशनच्या वकिलाला विचारा, काउंटरवरच्या मुलाला नको.