सोलापूरहून आई-वडिलांना घेऊन क्रूझला जातोय. कोचीत जहाज एकच दिवस थांबेल, काय पाहावं?

सगळं कोची पाहायचा हट्ट धरू नका. फोर्ट कोची आणि मट्टनचेरी, एवढंच धरा. जहाज विलिंग्डन बेटाला लागतं. तिथून दोन्ही ठिकाणी रिक्षाने जाता येतं.

सकाळी उतरताच फोर्ट कोचीतली मासेमारीची चिनी जाळी पाहा. किनाऱ्यावरच्या लाकडी सांगाड्याला दगडांचा भार बांधून चार-सहा जण ते अजस्र जाळं वर ओढतात. हातमागाच्या गावातल्या माणसाला ते कसब बघत उभं राहावंसं वाटतंच, माझे वडील तर हलायलाच तयार नव्हते. जवळच सेंट फ्रान्सिस चर्च आहे. 1524 साली वास्को द गामाला तिथेच पुरलं, पुढे अवशेष पोर्तुगालला नेले.

मट्टनचेरी राजवाड्यात रामायणाची भित्तिचित्रं आहेत, आईंना नक्की दाखवा. शेजारचं 1568 चं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, शनिवारी बंद असतं.

उन्हाची सवय आपल्याला आहे, पण तिथल्या दमट हवेत वयस्कर माणसं लवकर थकतात. दुपारी सावलीत बसवा, पाणी देत राहा. आणि जहाजावर परतायच्या वेळेआधी तासभर तरी बंदरात पोहोचा. जहाज कुणासाठी थांबत नाही.