पैसे गेले नाहीत, झोप मात्र गेली

"मॅडम, खात्यातून आपोआप पैसे जातेत का हो?" परभणीत समुपदेशन करताना हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकलाय की आता माणूस खुर्चीत बसायच्या आधीच ओळखते. आणि विचारणाऱ्यांपैकी बहुतेकांचा एक रुपयाही गेलेला नसतो.

जिंतूरकडचे एक काका (ओळख बदललीय). सोयाबीनचे पैसे खात्यावर आले तेव्हापासून झोप नाही, दर दोन दिवसाला एसटीनं बँकेत जाऊन पासबुकवर एंट्री मारून आणायचे, अनोळखी नंबर दिसला की फोन गादीखाली.

"तुमचे किती गेले?"

"माझे नाही. पण रोज ऐकायलोय ना."

कुठं, तर टीव्हीवर, आणि पुण्याहून पोरगं पाठवतंय त्या व्हिडिओंत. वर त्याचं एकच, "बाबा, तुम्ही काहीच दाबू नका."

मी अल्बर्ट एलिस या मानसशास्त्रज्ञाच्या पठडीतली, माणूस स्वतःशी काय बोलतो ते आधी धरते. तीन भेटी तेच केलं, काका हलले नाहीत. चौथ्या वेळी सहज विचारलं, रात्रीची लाईट असली की पाणी द्यायला जाता का?

"जातो की."

"सापाचं भेव नाही?"

"हाय ना. पण ब्याटरी असती, बूट असतेत, बांध पायाखालचा हाय." मग जरा थांबून, "मोबाईलमधी नुसता अंधारच हाय."

हे पुस्तकात सापडलं नसतं मला. पोरगं रोज सापाचे व्हिडिओ पाठवत होतं, ब्याटरी कुणी दिलीच नव्हती! भीती वाढते ती अशी, धोका रोज दिसतो अन् आपल्या हातात काहीच नसतं.

मग ब्याटरी दिली. यूपीआयचा पिन पैसे पाठवताना लागतो, घेताना कधीच नाही. व्हिडिओ कॉलवर खोटा पोलीस धमकावतो ती डिजिटल अरेस्ट कायद्यात नाहीच. व्हॉट्सअपवर आलेली एपीके फाईल (फोनमध्ये ॲप टाकणारी) उघडायची नाही, मग ती लग्नपत्रिका म्हणून का येईना. आणि गेलेच पैसे तर लाजत बसायचं नाही, लगेच १९३० हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा नंबर लावायचा, पुढं सरकायच्या आत ते गोठवता येतात, अन् बँकेलाही त्याच दिवशी कळवायचं. घरच्यांनो, "दाबू नका" म्हणण्याऐवजी शेजारी बसून दाबायला शिकवा, वेगळ्या खात्यात हजार-दोन हजार टाकून.

दिवाळीला पोरगं आलं तेव्हा त्यालाही बोलावलं. काकांनी स्वतः पिन टाकून मला १ रुपया पाठवला, मी लगेच परत केला. फोन वाजला, काका स्क्रीनकडं बघतच राहिले.

"पिन मागितला नाही बघा यानं."