अझ्टेक कॅलेंडर आणि अंतराळकथा: परत तेच प्रश्न, एकदाच उत्तरं

अझ्टेक, म्हणजे स्पॅनिश लोक येण्याआधी मेक्सिकोत राज्य करणारे लोक, यांच्याबद्दल इनबॉक्समध्ये फिरून फिरून तेच येतंय, म्हणून सगळ्यांना एकत्रच सांगते.

२०१२ ला जग बुडणार हे अझ्टेक कॅलेंडरमध्येच होतं ना?
नाही. ती मोजणी मायांची, म्हणजे मध्य अमेरिकेतल्या दुसऱ्याच जुन्या लोकांची, आणि बुडणार असं त्यांनीही म्हटलं नव्हतं.

'स्टार वॉर्स'मधले जंगलातले पिरॅमिड अझ्टेकच ना?
ते शूटिंग टिकालचं, ग्वाटेमाला. तेही मायाच.

व्हॉट्सॲपवर व्हिडिओ आलाय की अझ्टेकांची सूर्यशिला म्हणजे यानाचा कंट्रोल पॅनल आहे. खरं का?
अहो, १७९० साली मेक्सिको सिटीच्या चौकात खोदकामात सापडलेला २४ टनांचा दगड आहे तो! मधल्या चेहऱ्याभोवतीच्या चार चौकटी म्हणजे आधी संपलेली चार जगं: जॅग्वार, वारा, आगीचा पाऊस, पाणी. आपण पाचव्यात. फॉरवर्ड करायच्या आधी पुरातत्त्ववाल्या कुणाला तरी विचारा.

दिवाळी अंकासाठी कथा लिहिलीय. अझ्टेकांसारखंच, एका ग्रहाचा सूर्य दर ५२ वर्षांनी विझतो आणि खलनायक ती तारीख आधीच सांगतो. परवा द्यायचीय. चालेल ना?
परवा द्यायचीय आणि आज विचारताय! चूक मुळातच आहे. अझ्टेक कॅलेंडरात २६० दिवसांचं एक चक्र आणि ३६५ चं दुसरं, दोन्हींची तीच जोडी परत जुळायला १८,९८० दिवस लागतात, म्हणजे ५२ वर्षं, आपली ६० संवत्सरं फिरतात तसंच काहीसं. पण तेव्हा सूर्य विझायचा नाही हो, विझेल की काय अशी भीती असायची, आणि सगळी गंमत त्या 'की काय'मध्ये आहे. त्या रात्री घरोघरच्या चुली विझवलेल्या, भांडीकुंडी टाकून दिलेली, पोरांना झोपू द्यायचं नाही कारण झोपलं की उंदीर होतो म्हणे, गरोदर बायका मॅग्वेच्या (घायपातासारखं झाड) पानांचे मुखवटे घालून कणगीत कोंडलेल्या, आणि डोंगरावर पुजारी कृत्तिकांकडे डोळे लावून बसलेले. कृत्तिका माथ्यावरून पुढे सरकल्या की बंदिवानाच्या छातीवर लाकूड घुसळून नवी आग पेटवायची. पेटलीच नाही तर त्सित्सिमिमे, म्हणजे ताऱ्यांतल्या राक्षसिणी, खाली उतरून माणसं खाणार. परग्रहवासीयांचा हल्ला अजून वेगळा काय असतो? शेवटचा सोहळा १५०७ चा, पुढचा १५५९ ला यायचा होता पण १५२१ लाच राजधानी स्पॅनिश लोकांच्या हातात गेली. तुमचा खलनायक विझायची तारीख आधीच सांगून मोकळा होतो, तिथेच कथा मेली. संपादकांकडून आठवडा मागून घ्या आणि नावं नाहुआत्ल, म्हणजे अझ्टेकांची भाषा, येणाऱ्या कुणाला तरी दाखवा.

७९९ रुपयांत 'अझ्टेक जन्मचिन्ह' काढून देतात. घेऊ का?
त्या २६० दिवसांच्या चक्रातली २० चिन्हं, १३ आकडे, वहीत स्वतः मांडता येतं. त्यांना एवढंच विचारा, आजची तारीख तिकडच्या कुठल्या दिवसाशी जुळवली आणि कशावरून? उत्तर आलं तर मलाही कळवा.

सूर्यशिलेचा टॅटू काढतोय, जीभ बाहेर काढलेला चेहरा. काही वाईट अर्थ तर नाही ना?
जीभ नाही ती, गारगोटीचा सुरा आहे, बळी द्यायचा. घरी विचारून घ्या, मग काढा.